नाचणी, कणीक, गूळ आणि तूप : घरच्या पौष्टिक कुकीज पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घरी हेल्दी कुकीज करायच्या म्हटलं की बरेच जण एका फटक्यात सगळंच काढून टाकतात, मैदा नको, साखर नको, बटर नको, तूप तर दोन चमचेच, आणि मग ओव्हनमधून जे निघतं ते एकतर दात लागणार नाही इतकं कडक नाहीतर नुसतं पिठूळ, मुलं एक घास खाऊन डबा बाजूला सारतात आणि ओव्हन पुन्हा माळ्यावर जातो. असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. कुकीमधल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही काम असतं. तुपामुळे ती खुसखुशीत होते, गोडामुळे गोडी तर येतेच पण रंग आणि कडकपणाही येतो, कणकेतल्या चिकटपणामुळे ती एकसंध राहते. म्हणून पीठ बदला, गोड कमी करा, डालडा बंद करा, पण तुपाला एकदम हात लावू नका. माझं स्पष्ट मत आहे की अर्धं तूप घालून केलेल्या चार बेचव कुकीज खाण्यापेक्षा नीट तूप घातलेल्या दोन खाव्यात.

आधी हेल्दी म्हणजे नक्की काय ते बघू, कारण यात गैरसमज खूप आहेत. गूळ घातला की कुकी डायबिटिसवाल्यांना चालते असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. गूळ ही साखरच आहे, थोडी खनिजं जास्त आणि चव फार छान एवढाच फरक, रक्तातली साखर तोही वाढवतो. मधाचं तेच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात द्यायचा नसतो, भाजलेल्या पदार्थातूनसुद्धा नाही. खरा फायदा होतो तो तीन ठिकाणी. मैद्याऐवजी अख्ख्या धान्याचं पीठ आलं की फायबर येतं. नाचणी आली की कॅल्शियम येतं, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशात नाही, (त्यातलं सगळंच शरीराला मिळत नाही, पण तरी). आणि तिसरं म्हणजे आत काय आणि किती घातलंय ते आपल्याला माहीत असतं.

हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून दुकानात नाचणी, ज्वारी, मिलेट लिहिलेल्या बिस्किटांची पाकिटं भरपूर दिसतात. पाकीट उलटं करून घटक वाचा, जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पुष्कळ वेळा सुरुवातीला मैदा, साखर, पाम तेल आणि नाचणी त्याच्या पुढे कुठेतरी, कंसात थोडेसे टक्के. वनस्पती तुपाचंही तसंच, ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक असलेली चरबी) एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे हे चांगलंच झालं, पण घरी करताना मुळात डालडा किंवा मार्जरीन आणायचं कारणच काय, घरात साजूक तूप असतंच की.

सामान

साधारण २० छोट्या कुकीज होतील एवढं प्रमाण देते. नाचणीचं पीठ १२० ग्रॅम, कणीक म्हणजे गव्हाचं पीठ ६० ग्रॅम, थिजलेलं साजूक तूप ९० ग्रॅम, गूळ पावडर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा अगदी चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलची पूड पाव चमचा, बदाम किंवा अक्रोडाचे बारीक तुकडे ३० ग्रॅम, आणि दूध दोन ते तीन मोठे चमचे, तेही लागेल तसं.

ग्रॅममध्ये का, वाटीत का नाही, असं विचारणार तुम्ही. पोह्यांना, शिऱ्याला अंदाज चालतो, कमी जास्त झालं तर कढईत सुधारता येतं. कुकी एकदा ओव्हनमध्ये गेली की काही करता येत नाही, आणि प्रत्येक घरातली वाटी वेगळी. किचनचा छोटा वजनकाटा काहीशे रुपयांत मिळतो, बेकिंग करायचंच असेल तर साचे, रंगीत स्पॅट्युला वगैरे घेण्याआधी तो घ्या. तोपर्यंत वाटीच वापरायची तर सगळं एकाच वाटीने मोजा, नाचणी एक वाटी, कणीक अर्धी, गूळ पावडर पाऊण वाटीला थोडी कमी आणि तूप अर्ध्या वाटीच्या किंचित वर.

आता या प्रमाणाचा हिशोब करून टाकू म्हणजे भ्रम नको. एका कुकीत साधारण साडेचार ग्रॅम तूप आणि साडेचार ग्रॅम गूळ जातो, कॅलरी ९५ च्या आसपास. म्हणजे हे काही डाएटचं खाणं नाही, हा चांगला खाऊ आहे. मोठ्यांनी चहाबरोबर दोन, मुलांना शाळेतून आल्यावर दोन, तेवढ्या पुरे.

नाचणी कोकणात, कोल्हापूरच्या डोंगराळ तालुक्यांत, अकोल्याकडे (नगरचं अकोले म्हणतेय) चांगली मिळते, नाशिकच्या बाजूला नागली म्हणून मागा. अख्खी आणून धुवून, उन्हात कडकडीत वाळवून गिरणीतून बारीक दळून आणलीत तर उत्तम, न धुतलेल्या नाचणीत बारीक माती असते आणि कुकी खाताना दाताखाली कचकच लागते, मग कितीही तूप घाला, मजा जाते. तयार पीठ आणलं तर बारीक चाळणीने चाळा. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व वापरलं तर कुकी जास्त मऊ आणि गुळगुळीत होते, लहान मुलांना आवडते, पण सत्त्व वस्त्रगाळ केलेलं असेल तर फायबर बरंचसं गाळण्यात गेलेलं असतं हे लक्षात ठेवा.

गूळ पावडर आणलीत तर तीही चाळायचीच, तिला दमटपणाने गाठी होतात आणि ती गाठ भाजताना तिथल्या तिथे वितळून काळा डाग पडतो. ढेपेचा गूळ असेल तर किसणीवर बारीक किसा. पाक अजिबात करू नका, पाक घातला की कुकी न होता चिक्कीच्या दिशेने जाते. फार पिवळाधमक गूळ शक्यतो टाळा, तपकिरी गडद गुळाची चव नाचणीला जास्त शोभते.

आता कृती, घाई न करता

पहिलं काम, नाचणीचं पीठ भाजणं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कुकीला कच्चट वास येतो. जाड बुडाच्या कढईत कोरडंच, मंद आचेवर सहा सात मिनिटं, हात थांबवायचा नाही. नाचणीचा रंग आधीच तपकिरी त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, नाकावर भरवसा ठेवा, सुरुवातीला मातकट वास येतो, मग तो जातो आणि एकदम खमंग, भाकरी भाजतानाचा वास सुटतो, पीठही हाताला हलकं लागतं आणि चमचा त्यातून सहज फिरतो. तिथे गॅस बंद. लगेच ताटात पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट पीठ तुपात पडलं की तूप वितळतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

दुसरं, तूप. थिजलेलं, रवाळ, पण बोट दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ पाहिजे. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात तूप पातळच असतं, तेव्हा भांडं पंधरा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, पुण्या-नाशिकच्या थंडीत उलट, आधी तासभर बाहेर काढून ठेवा. पातळ तूप घातलं तर कुकी पसरते आणि घट्ट बसते, आत जाळी धरत नाही. तुपात गूळ घालून फेटायचं, हाताने फेटलंत तर चार पाच मिनिटं, बीटर असेल तर दोन. तुपाचा रंग फिकट होतो, मिश्रण हलकं आणि फुगीर दिसायला लागतं, म्हणजे त्यात हवा शिरली, आणि याच हवेमुळे कुकी पुढे खुसखुशीत होते. गूळ पूर्ण विरघळणार नाही, विरघळायची गरजही नाही.

बटर घालायचं असेल तर चालेल, पण बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं आणि तुपात जवळजवळ नसतंच, म्हणून बटर १०५ ग्रॅम घ्या आणि दूध एखादा चमचाच लागेल. तेलाच्या कुकीज होतात पण नवशिक्यांनी त्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नये असं मला वाटतं.

तिसरं, गार झालेली नाचणी, कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, वेलची हे सगळं एकत्र दोनदा चाळून तुपात घाला. सोडा खरंच चिमूटभर हं, जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. बेकिंग पावडरचा डबा बरेच महिने उघडा पडला असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली तर जिवंत, नाही तर नवी आणा. बदामाचे तुकडे घाला आणि बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करा. इथे पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की गव्हातलं ग्लुटेन (चिकटपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि कुकी चिवट होते. नाचणीत ग्लुटेन नसतं म्हणून तर एक तृतीयांश कणीक घेतलीय, तेवढीच बांधणीला पुरते. आता दूध एकेक चमचा घालत मूठ वळून बघायची. मूठ वळली आणि उघडल्यावर फुटली नाही की दूध थांबवा, भले एकच चमचा लागला असेल.

चौथं, झाकून वीस पंचवीस मिनिटं तसंच ठेवून द्यायचं. नाचणी आणि कणीक दोन्ही ओलावा सावकाश शोषतात, मैद्यासारखं लगेच नाही, लगेच भाजलं तर खाताना पीठ पीठ लागतं. तेवढ्यात ओव्हन तापवायला लावा.

पाचवं, २० सारखे गोळे करा, एकेक साधारण २१ ग्रॅम, पेढ्याएवढे. हलक्या हाताने चपटे करा, जाडी एक सेंटिमीटरच्या थोडी आत. काठाला भेगा पडत असतील तर बोटाने मिटवा, फारच पडत असतील तर अर्धा चमचा दूध अजून. ट्रेवर बटर पेपर घाला, मधे दोन बोटं अंतर. सगळ्या सारख्या जाडीच्या होणं फार महत्त्वाचं, नाहीतर काही जळतात, काही कच्च्या.

भाजताना

ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असेल तर १६० डिग्रीवर, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू, दहा मिनिटं रिकामा तापवा आणि ट्रे मधल्या खाचेत ठेवा. १५ ते १८ मिनिटं. साखरेच्या कुकीज १८० वर भाजतात, तेच तापमान गुळाला लावू नका, गूळ लवकर करपतो आणि करपलेला गूळ कडू लागतो. छोट्या ओटीजीचा काटा पुष्कळदा खरं तापमान सांगत नाही, म्हणून पहिल्यांदा अख्खा ट्रे न लावता दोनच कुकीज भाजून बघा, वीस मिनिटं जातील पण तुमच्या ओव्हनचा स्वभाव कळेल आणि सामान वाया जाणार नाही. हे मी प्रत्येक नवीन शिकणाऱ्याला सांगते.

झाल्या की नाही हे कसं ओळखायचं, इथेच नाचणी फसवते. मैद्याची कुकी सोनेरी झाली की कळतं, ही आधीच तपकिरी. तीन गोष्टी बघा. वरची ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग कोरडा, मंद दिसायला लागतो आणि बारीक भेगा पडतात. काठ बोटाने हलकेच ढकलला तर कुकी कागदावरून सरकते, चिकटून राहत नाही. आणि उलथून पाहिलं तर खालची बाजू वरच्यापेक्षा एक छटा गडद असते. मध्यभागी दाबली तर ती मऊच लागणार, आणि मऊ लागतेय म्हणून अजून पाच मिनिटं ठेवली की संपलं, गार झाल्यावर फोडायला खलबत्ता लागेल. बाहेर काढा, ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गरम असताना उचलली तर हातात तुटते, मग जाळीवर पूर्ण गार करा. तूप पुन्हा थिजलं की खुसखुशीतपणा आपोआप येतो.

मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर त्यात कन्व्हेक्शन मोड पाहिजे, नुसत्या मायक्रो किंवा ग्रिलवर हे जमणार नाही. कन्व्हेक्शनमध्ये पंखा हवा फिरवतो म्हणून १५० डिग्री पुरे आणि १३ मिनिटांपासून लक्ष ठेवा.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. जुनी जाड कढई किंवा पातेलं घ्या, (नॉनस्टिक नको, रिकामं तापवल्याने त्याचा थर खराब होतो), तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरा, वर स्टँड किंवा कुकरमधली जाळी, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग छोट्या ताटलीत पाच सहा कुकीज ठेवून आच मंद करा, २० ते २५ मिनिटं लागतात. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. खालून लवकर लाल होतात म्हणून ताटलीखाली अजून एक ताटली ठेवली तर बरं. कुकर वापरलात तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून. ते मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुन्हा पुन्हा याच कामाला येतं, स्वयंपाकात मात्र नको.

आणि अजून एक सोय आहे जी शहरात विसरली गेलीय. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आधी घरून पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई, बिस्किटं भाजून आणायची, ही पद्धत कितीतरी गावांत अजून चालू आहे. तुमच्याजवळ अशी बेकरी असेल तर नाचणी, गूळ, तूप घेऊन जा आणि विचारा, फक्त आच कमी ठेवायला आणि डालडा न घालायला आठवणीने सांगा.

बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

पसरून एकमेकींना चिकटल्या तर तूप पातळ होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता, पुढच्या वेळी वळलेले गोळे दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग भाजा. हात लावताच भुगा होत असेल तर दूध कमी पडलं, किंवा कणीक गाळून पूर्ण नाचणीच्या केल्यात. कडक झाल्या तर जास्त भाजल्या नाहीतर जास्त मळलं. खाली करपल्या, वर कच्च्या, तर ट्रे वरच्या खाचेत सरकवा. भुगा झालाच तर टाकू नका, दुधात घालून मुलांना द्या किंवा थोडं तूप लावून लाडू वळा, छान लागतात.

दोन दुसऱ्या कुकीज

हात बसला की गूळही न घालता करायच्या असतील तर ओट्स खजूर करा. ९० ग्रॅम ओट्स, त्यातले निम्मे मिक्सरमधून जाडसर फिरवून घ्या, ६० ग्रॅम कणीक, बिया काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम, तीन मोठे चमचे गरम दुधात भिजवून वाटलेला, ६० ग्रॅम तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी किंवा सुंठ, मूठभर अक्रोड. या भाजताना पसरत नाहीत म्हणून जशा हव्यात तशा आधीच चपट्या करा. १७० वर १५ ते १८ मिनिटं. मऊ, चिवटसर राहतात, कुरकुरीत होणार नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नका. खजुरातही साखर असते, पण त्याबरोबर फायबर येतं.

गोड नकोच असेल तर ज्वारीच्या खाऱ्या कुकीज. ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, कणीक ६०, तूप ८०, दोन मोठे चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा चुरडून, थोडे जिरे, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा सोडा, आणि दुधाऐवजी दोन तीन चमचे आंबट दही. दह्यातल्या आंबटपणाने सोडा नीट काम करतो म्हणून इथे बेकिंग पावडर लागत नाही. १६५ वर १८ ते २० मिनिटं. ज्यांना गोड बंद आहे अशा आजी-आजोबांना चहाबरोबर एखादी द्यायला या बऱ्या, पीठ आहेच त्यामुळे मोजून.

घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल, सिलिअॅक (ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार) असेल तर कणकेच्या जागी तांदळाचं पीठ घ्या आणि एक चमचा दूध वाढवा, थोड्या ठिसूळ होतात पण चव छान येते. फक्त अशा घरात नाचणी आणि तांदूळ गिरणीतून दळून आणू नका, आधीच्या दळणाचं गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं आणि ते मिसळतं. जिच्यावर गहू कधीच दळलेला नाही अशी घरची चक्की किंवा ग्लुटेन फ्री लिहिलेलं पाकीट, दोनच पर्याय.

ठेवायच्या कशा

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते. गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात या साखरेच्या बिस्किटांपेक्षा लवकर मऊ पडतात, घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा, आत बटर पेपर, आणि आठ दहा दिवसांत संपवा. ओट्स खजुराच्या मात्र तीनच दिवस बाहेर, मग फ्रीज. मऊ पडल्या तर १४० डिग्रीवर पाच सहा मिनिटं परत तापवून गार करा, पहिल्यासारख्या होतात.

एकदम खूप भाजून ठेवण्यापेक्षा कच्चे गोळे करून ठेवणं जास्त सोयीचं. चपटे करून ताटलीत सुटे सुटे फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा, कडक झाले की पिशवीत भरा, महिनाभर राहतात. हवे तेव्हा चार सहा काढायचे, वितळायची वाट न बघता तसेच ट्रेवर ठेवायचे आणि नेहमीपेक्षा दोन तीन मिनिटं जास्त भाजायचे.